जात्यांचा ओटा

ओटा पाडला, हे पंजाबरावांना एसटीत कळलं.

गाडी राजूरचा घाट उतरत होती. डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून ते खिडकीपाशी बसले होते. दुसऱ्या दिवशी संजीवनीचं वर्षश्राद्ध होतं. हर्षलनं बजावून सांगितलं होतं, 'बाबा, तुम्ही बुलढाण्यातच आराम करा, सकाळी गाडी पाठवतो, धुळीत जाऊ नका.' पण बायकोचं श्राद्ध आणि आपण पाहुण्यासारखं सकाळी गाडीतून उतरायचं, हे त्यांना पटलं नाही. सुनेला सांगून ते स्टँडवर आले आणि मोताळ्याची गाडी धरली.

पुढच्या बाकावरून मंजुळाबाईनं वळून पाहिलं. गल्लीतलीच बाई. संजीवनीच्या बचत गटात होती.

"भाऊजी, डोये बरे झाले का?"

"झाले. दिसून राह्यलं चांगलं."

"मंग आता ओट्याची जागा पाह्यजा. मी तं त्या दिसापासून तिकडून जातच नाही. मांगच्या बोळातून फिरून जाते."

"काऊन? काय झालं ओट्याले?"

मंजुळाबाईच्या लक्षात आलं की यांना माहीत नाही. तिनं पदर तोंडाशी नेला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"तुमाले सांगतलं नाही घरच्याइनं? पाडला नं तो. जेसीबी लावून पाडला. आमाले वाटलं, तुमचा होकार हाय."

"कोनी पाडला?"

"आता मी काय सांगू बाप्पा. तुमचीच मानसं व्हती उभी. रामभाऊ व्हते. तुमचा हर्षल व्हता. गटातल्या आमी चारपाच जनी गेलो आडव्या, तं हर्षल म्हने, काकू, बाबाले इचारूनच करून राह्यलो."

मोताळ्यात उतरून पंजाबरावांनी गावाकडची काळीपिवळी धरली. ड्रायव्हरनं विचारलं, "काका, वैनीचं वरीस उद्याच नं?" त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ऑपरेशन एका दिवसाचं होतं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी घरी जा म्हणून सांगितलं होतं. हर्षलनं मात्र त्यांना पुढं आठवडाभर ठेवून घेतलं होतं, आणि ते सुनेला म्हणत होते, पोरगा किती काळजी करते पाहा.

धामणखेडच्या मधल्या गल्लीत, जिथून पुढं पाटलाची आळी सुरू होते, तिथं तो ओटा होता. मातीचाच, पण वरून दगडांनी मढवलेला, आणि ते दगड साधे नव्हते. जात्यांचे होते. गोल, मधोमध भोक पडलेले, दळून दळून झिजलेले. पंजाबरावांची आजी मनकर्णाबाई हिनं पहिल्या मोठ्या निवडणुकीच्या वेळी गावातल्या बायांची नावं मतदारयादीत घालून घेतली ती याच ओट्यावर. देशभर लाखो बायांची नावं तेव्हा गळाली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. धामणखेडच्या बायांची गळाली नाहीत. पुढं गावात पिठाची चक्की आली, तेव्हा बायांनी आपापली जुनी जाती उकिरड्यावर टाकली नाहीत. ज्या ओट्यावर नाव सांगितलं त्याच्यावरच नेऊन बसवली.

संजीवनी सून म्हणून आली तेव्हा त्या ओट्यावर गुरं बांधत. तिनं ती हलवली. गट काढला तेव्हा गटाची बैठक तिथंच ठेवली. दर सव्वीस जानेवारीला बाया ओटा धुऊन काढायच्या. शेवटच्या वर्षात, औषधांनी केस गेले होते तरी, डोक्याला रुमाल बांधून ती तालुक्याला आणि जिल्ह्याला खेटे घालत होती, की ही जागा सरकारनं जपावी. जुन्या जागा पाहणारी दोन माणसं एकदा येऊनही गेली. त्यांनी फोटो काढले आणि सांगितलं, की बाई, दगड जसे आहेत तसेच राहू द्या, रंगसुद्धा लावू नका, आम्ही पुन्हा येऊ. ती माणसं पुन्हा येण्याआधी संजीवनी गेली.

पंजाबराव काळीपिवळीतून उतरले ते घरी न जाता सरळ तिकडे गेले.

ओटा नव्हता. दोन खड्डे होते, गल्लीच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. पहिल्यात काँक्रीट भरलेलं होतं आणि त्यातून लोखंडी सळया वर आल्या होत्या. दुसरा उघडा होता. शेजारी मिक्सर उभा होता. वाळू, खडी, सिमेंटच्या गोण्या. आणि दोन बांबूंना बांधलेला मोठा फ्लेक्स. 'कै. कडूबा पाटील प्रवेशद्वार'. वर आजोबांचा फेट्यातला फोटो. त्याखाली हात जोडलेला राम, पंजाबरावांचा धाकटा भाऊ. बाजूला हर्षल. कोपऱ्यात रामची बायको, 'सौ. वंदना रामभाऊ, सरपंच'. आणि सगळ्यात खाली, फुलांच्या चौकटीत, संजीवनी. आधार कार्डाचा फोटो मोठा केलेला. तिला तो फोटो कधीच आवडला नव्हता.

मनकर्णाबाईचं नाव कुठंच नव्हतं.

"गोटे कुठी हायेत?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं. गोविंदा मिस्त्री पाइपानं पाणी मारत होता.

"कोनते गोटे, काका?"

"ओट्याचे. जात्याचे."

गोविंदानं खड्ड्याकडे बोट केलं. "खाली टाकले नं. भराव म्हनून. चांगले मजबूत हायेत. अर्धे त्या खड्ड्यात गेले, अर्धे याच्यात."

पंजाबरावांनी वाकून पाहिलं. जाती एकाला एक लावून बसवली होती, फरशी घालावी तशी. भोकांत खडी भरली होती. एका जात्यावर अजून हळदीकुंकवाचा डाग होता. संजीवनी असतानाच्या शेवटच्या सव्वीस जानेवारीचा. तेव्हा तिला खाटेवरून उठवत नव्हतं, म्हणून ती कुंकवाची वाटी त्यांनीच नेऊन दिली होती.

"याच्यात कधी ओतनार?"

"आज दिवस बुडायच्या आत. सरपंच सायबानं सांगतलं, उद्या पाहुणे येतील तं दोन्ही बाजू तयार पाह्यजे."

"सरपंच सायब कोन बे?"

गोविंदा गोंधळला. "रामभाऊ."

"मी येईपर्यंत मिक्सर चालू केला तं पाह्य," पंजाबराव म्हणाले आणि घराकडे निघाले. चष्मा त्यांनी काढून खिशात टाकला. उन्हानं डोळ्याला पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

घरी उद्याची तयारी चालली होती. अंगणात मांडव घातला होता. चुलीपाशी वंदना वड्यांची डाळ वाटत होती. पडवीत बाजेवर सुभद्राबाई आत्या बसली होती. मनकर्णाबाईची धाकटी लेक. लग्न लोणारला झालेलं, आता ऐंशी पार केलेली. भाचसुनेच्या श्राद्धासाठी तिला कालच आणली होती. राम खुर्चीवर बसून फोनवर बोलत होता. "हाव साहेब, दहा वाजता. पहिलं तुमच्या हातानं कोनशिला, मंग जेवन." हर्षल मांडवाच्या दोऱ्या बघत होता. बापाला पाहून तो दचकला.

"बाबा? तुम्ही कसे आले? मी सकाळी गाडी—"

"एसटीनं आलो. फोन ठेव रे राम."

"दादा, साहेबाचा फोन हाय—"

"ठेव म्हन्लं नं!"

रामनं फोन ठेवला. वंदनानं पदर डोक्यावर ओढला आणि पाठ वळवली. थोरल्या दिराशी ती आजवर तोंड वर करून कधी बोलली नव्हती. या घरात ती रीत होती आणि कोणी मोडली नव्हती.

"ओटा कोनी पाडला?" पंजाबरावांनी विचारलं.

हर्षल पुढं आला. त्याच्या तोंडावर भीती होती, पण हसूही होतं, मोठ्ठं बक्षीस आणून दाखवणाऱ्या पोरासारखं. "बाबा, तुम्हाले सरप्राइज द्यायचं होतं. आईचं स्वप्न होतं नं, ओट्याचं काहीतरी व्हावं? काकानं निधी आनला. ग्रॅनाइटचं द्वार होऊन राह्यलं, दोन्ही बाजूनं लाइट, मधी आईचं नाव. आईच्या वर्षश्राद्धाले कोनशिला. यापेक्षा मोठं काय करू मी तिच्यासाठी?"

"तुह्या आईनं दार मागतलं व्हतं?"

"तसं नाही, पन—"

"तिनं काय मागतलं व्हतं? सांग. तुह्यासमोर सांगे ती. जसं हाय तसं राहू द्या, एवढंच मागे. एवढंच! तू तिच्या उशाशी बसून फोनमंधी मुंडी घाले, मी पाहत व्हतो."

हर्षलचं हसू गेलं.

राम उठला. "दादा, आवाज कमी करा, पाहुणे हायेत आजूबाजूले. गोटे काही फेकले नाहीत आपन. पायात घातले. आजीचे गोटे द्वाराच्या पायात गेले, याच्याहून मोठा मान कोनता? नवं देऊळ बांधताना जुना गोटा पायातच घालतात नं? मी सोता उभं राहून नारळ फोडला."

राम खोटं बोलत नव्हता. त्यानं खरंच नारळ फोडला असणार, हात जोडले असणार, आणि मान राखल्याच्या समाधानात घरी येऊन जेवला असणार. हा माणूस चोर असता तर बरं झालं असतं, त्याला हाकलून तरी देता आलं असतं.

"आन त्याच्यावर नाव कोनाचं? कडूबाचं?"

"आजोबा पाटील व्हते गावचे. जागा त्याइनं दिली बायाइले. त्याइच्या प्रेरनेनं—"

बाजेवरून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. सुभद्राबाई आत्या दात नसलेलं तोंड उघडून हसत होती.

"प्रेरना!" ती म्हणाली. "माह्या बापाची प्रेरना! अरे लेका राम्या, तू काय पाह्यलं रे? तुहा बाप अंगठा चोखे तवा."

"आत्या, तुमी नका पडू मधात."

"काऊन नको? मी व्हती तठी. तू व्हता का? आईक. कारकून दारोदारी फिरे. नाव सांगा म्हने. बाया आतूनच सांगत, नारायनाची माय, पाटलाची सून. तो तसंच लिही. मंग वरून सायब आला, म्हने अशी नावं चालनार नाही, सारी कटतील. माह्या मायनं घरोघरी जाऊन सांगतलं, नाव सांगा व बायाहो. पन परक्या मानसापुढं तोंड उघडते कोन? नवरे दारात उभे. मंग मायनं आमचं जातं काढलं. एकीकून ती, एकीकून मी, ढकलत ढकलत ओट्यावर नेलं. म्हने, आपन मानसाले नाही सांगत. आपन जात्याले सांगतो. जात्याले तं सारंच सांगत आलो. कारकुनाले लिंबाच्या मांगं पाठमोरा उभा केला. एकेक बाई बसे, दोन फेरे फिरवे, आन जात्याले आपलं नाव सांगे. काही बायाइले तं आपलं नाव आठवावं लागलं, इतकं जुनं झालं व्हतं."

चुलीपाशी डाळ वाटण्याचा आवाज थांबला होता.

"आन तुह्या कडूबा आबानं काय केलं माहीत हाय?" आत्याचा आवाज आता हसरा नव्हता. "घराले आतून कडी लावली. म्हने, जठी नाव सांगतलं तठीच राह्य. कारकून गावातून जाईपर्यंत माही माय ओट्यावर निजली. थंडीचे दिवस. मी परकरात लपवून भाकर नेऊन दे तिले. तो आबा तुहा! त्याचं दार बांधून राह्यला तू तठी. बांध. दार लावनं त्याले चांगलं जमे."

हर्षल आत्याकडे पाहत राहिला.

"हे मले कोनी सांगतलं नाही," तो हळू म्हणाला.

"तुह्या आईनं सांगतलं," पंजाबराव म्हणाले. "दरसाल सांगे. तुले ओट्याचा फोटो पाह्यजे व्हता, गोष्ट नाही."

"बाबा, मी माह्या खिशातले पैसे—"

"पैसे नको सांगू मले! तू मले डोयाच्या नावानं कोंडून ठेवलं तिकडं. बाया आडव्या झाल्या तं त्याइले खोटं सांगतलं, बाबाले विचारलं म्हनून. कधी विचारलं बे? कधी?"

हर्षलनं मान खाली घातली. पंजाबरावांना त्याची कीव आली, आणि त्या किवेचा आणखी राग आला. हे पोरगं संजीवनीसारखं दिसतं, कपाळ तेच. आता त्याला समोर ठेवून ओरडणंसुद्धा सोपं नव्हतं.

मग ते वंदनाकडे वळले. राग कुठंतरी जायला हवा होता, आणि तो तिच्यावर गेला.

"आन तू वंदना? सरपंच तू हायेस नं? ठरावावर सही तुही. तुह्या सहीबिगर जेसीबी गावात येत नाही. संजीवनीनं तुले लहान बहिनीसारखं वागवलं. तू निवडून आली तवा तिनं याच ओट्यावर तुही ओटी भरली. आन तू सही केली?"

"तिले काय इचारता दादा," राम म्हणाला. "कागद मी पाहतो. ती सही करते. तुमाले माहीत हाय सारं. बाईचं आरक्षन हाय म्हनून खुर्ची तिच्या नावावर. पुढं जिल्हा परिषदेलेही महिला राखीव निघून राह्यलं, तवाही तीच उभी राहीन. तिचं नाव, काम माहं."

"तो तिले इचारून राह्यला," आत्या म्हणाली. "तू काऊन बोलतो बे?"

"कारन तिले काही समजत नाही त्यातलं!"

वंदनानं पाट्यावरची डाळ एका हातानं गोळा केली, भांड्यात टाकली, हात धुतले. सगळं सावकाश. मग पाठमोरीच म्हणाली, "दुधाचं पातेलं उतरून घ्या, उतू जाईन," आणि मागच्या दारानं निघून गेली. ती रडायला गेली असं पंजाबरावांना वाटलं. रामलाही तसंच वाटलं.

"पाहा," तो म्हणाला. "रडवलं. उद्या घरात श्राद्ध हाय आन तुमी बायाइले रडवता. दादा, आता आईका. साहेब येनार, हे ठरलं. पहिल्या खांबाचा पाया तं झालाच हाय. दुसऱ्याचे गोटे काढून काय करान? अर्धा ओटा लावान? लोक हासतील. द्वाराले आजीचंही नाव टाकू, कडूबा व मनकर्णाबाई असं. झालं?"

"मंग संजीवनीचं नाव काढ त्यावरून."

"काय?"

"तिचा फोटो काढ. तिच्या नावानं हे होऊ देनार नाही मी. बाकी तुले काय बांधायचं ते बांध, आबाचं बांध, बापाचं बांध. तिचा फोटो काढ!" त्यांना स्वतःलाच कळलं की आपण मागायला नको ते मागून बसलो. फोटो काढणं रामला परवडण्यासारखं होतं.

राम लगेच म्हणाला, "काढतो. आत्ताच सांगतो. झालं मंग?"

तेवढ्यात गल्लीकडून मिक्सरचा आवाज सुरू झाला.

पंजाबराव तसेच निघाले. हर्षल मागं, राम त्याच्या मागं, फोन कानाला लावत. आत्या ओरडत होती, "मलेही न्या रे! कोनीतरी धरा मले!" शेवटी हर्षल परत फिरला आणि तिला हाताला धरून आणू लागला.

मिक्सर फिरत होता. गोविंदा मिस्त्री मात्र हातात फावडं घेऊन नुसता उभा होता आणि खड्ड्यात पाहत होता. गल्लीतल्या पाचसहा बाया दारातून बाहेर आल्या होत्या. मंजुळाबाई त्यांच्यात होती, बोळातून फिरून न जाता, सरळ रस्त्यानं आलेली.

खड्ड्यात वंदना उभी होती. चपला काठावर काढून ठेवलेल्या. जात्यांवर पाय द्यायला नको म्हणून कडेच्या मातीत पाय रोवून, अंग चोरून उभी होती.

"काकू म्हन्ते काम बंद," गोविंदा रामला म्हणाला. "मी म्हन्लं सायबाले इचारतो. तं म्हन्ते, इचार, मी खालीच हाय तोवर."

"वंदना, वर ये," राम म्हणाला.

"मिक्सर बंद कर गोविंदा," वंदना म्हणाली.

गोविंदानं रामकडे पाहिलं.

"त्याच्याकडं नको पाहू. ठरावावर सही माही हाय. ग्रामपंचायतीचं काम हाय नं हे? त्याच्या घरचं नाही. सरपंच म्हनून सांगून राह्यली, बंद कर."

"अवं तुले समजते का काही? साहेब उद्या—"

"नाही समजत. तुमीच सांगतलं आत्ता, चारचौघात. मले समजत नाही ते थांबवून राह्यली. समजलं म्हंजे मंग पाहीन."

मंजुळाबाई हसली. रामनं तिच्याकडे रागानं पाहिलं तरी ती हसायची थांबली नाही.

राम खड्ड्याच्या काठाशी वाकला आणि आवाज खाली आणून बोलला, पण पंजाबरावांनी ऐकलं. "घरी ये मंग सांगतो तुले."

"घरीच यायचं हाय मले," वंदना म्हणाली. "दुसरीकडं कुठी जानार? येतेच. काय सांगायचं ते सांगा. पन हे गोटे पहिलं वर जातील."

मग तिनं मान वर करून पंजाबरावांकडे पाहिलं. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही.

"दादा," ती म्हणाली, "बाईनं सांगतलं व्हतं मले. सही करायच्या आधी कागद वाचत जाय म्हनून. मी नाही वाचला. तुमी ओरडले ते बरोबर ओरडले. पन घरात ओरडून काय व्हते? ह्या मिक्सरले ऐकू येते का?"

संजीवनीला ती बाईच म्हणायची. पंजाबरावांनी जाऊन मिक्सरचं बटन बंद केलं. गोविंदानं अडवलं नाही.

मग दगड काढायला सुरुवात झाली. राम थोडा वेळ फोनवर ओरडत होता, मग मोटरसायकल घेऊन निघून गेला. मंजुळाबाई खाली उतरली, आणखी दोघी उतरल्या. पंजाबराव उतरायला निघाले तर आत्या ओरडली, "डोयाचं आपरेशन झालं त्याचं, वाकू नका देऊ त्याले!" म्हणून ते काठावर बसून वर आलेला दगड हातात घ्यायचे आणि भिंतीला टेकवून ठेवायचे. हर्षल उशिरापर्यंत नुसता उभा होता. नंतर त्यानं बूट काढले आणि खड्ड्यात उतरला. बापाकडे त्यानं पाहिलं नाही, बापानंही त्याच्याकडे. एक जातं वर देताना त्याच्या हातून निसटलं आणि कडा फुटली. तो "सॉरी" म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

वर आलेल्या प्रत्येक जात्यावरून आत्या हात फिरवायची. तिच्या आईचं जातं तिला हातानं ओळखू येणार होतं. खुंटा बसवायच्या भोकापाशी त्याचा एक टवका गेलेला होता, ओट्यावर ढकलत नेताना उंबऱ्याला आपटून गेलेला.

"हे नाही," ती म्हणायची. "हेही नाही. आना दुसरं."

शेवटचं वर आलं तेव्हा गल्लीत सावली उतरली होती. आत्यानं त्याच्यावरून दोन्ही हात फिरवले, उलटं करायला लावलं, पुन्हा फिरवले.

"नाही," ती म्हणाली. "ते नाही याच्यात."

सगळ्यांनी पलीकडच्या खांबाच्या पायाकडे पाहिलं. काँक्रीट पांढरं पडायला लागलं होतं. गोविंदानं जवळ जाऊन त्यावर पायानं ठोकून पाहिलं. "हे आता ब्रेकर लावल्याबिगर निघत नाही," तो म्हणाला. "आन ब्रेकर लावला तं खालचं जातं राहते का फुटते, मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. हर्षलनं केलं. पंजाबरावांनी त्याला पाणी सोडताना थांबवलं नाही, पण जेवायला त्याच्या पंगतीला बसले नाहीत. काम थांबल्याचं कळल्यावर साहेबांची गाडी गावाच्या फाट्यावरूनच परत गेली. राम रात्री त्याच्या घरी आला होता, पण श्राद्धाला या घरात आला नाही. वंदनानं वाढलं, सगळ्यांना वाढलं. तिच्या डाव्या मनगटावर निळा डाग होता आणि तो दिसत असताना तिनं पदर पुढं ओढला नाही. आत्यानं तो पाहिला आणि पानावरून उठून आपली पिशवी रामच्या घरात नेऊन ठेवली. लोणारला परत जायचं तिनं नाव काढलं नाही.

संध्याकाळी पंजाबराव एकटेच गल्लीत गेले. फ्लेक्स त्यांनी आदल्या दिवशीच खाली उतरवला होता. संजीवनीचा फोटो त्यांनी कात्रीनं कापून घेतला, पण घरी नेऊन कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना, म्हणून खिशात घडी घालून ठेवला. निघालेली जाती भिंतीला लावून उभी होती. कोणीतरी त्यांना पाणी घालून धुतलं होतं.

ओटा अजून बांधलेला नाही. अर्धी जाती पहिल्या खड्ड्याच्या काँक्रीटखाली आहेत, मनकर्णाबाईचंही त्यातच आहे, आणि ते अजून काढायचं राहिलं आहे.